मेरियनबाईंचा आवाज आणि सभागृहाचे दार

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य वर्षातून दोनदा तरी कानावर येते. एकदा प्रवेशाच्या दिवसांत आणि एकदा नेमणुकांच्या. "गुणवत्ता असली की कुणाला कुणी अडवत नाही." म्हणणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो सज्जन असतो, माझ्या डब्यातली भाजी आवडीने खाणारा असतो. मला पाहून तो पुढे म्हणतो, "मॅडम, तुम्हीच पाहा ना, तुम्ही आलातच की इथवर!" आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली पहिली व्यक्ती मी. माझे येणे हा माझ्याच माणसांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो आणि मी चहाचा कप हातात धरून गप्प बसते.

या वाक्याला आकडेवारीने उत्तर देता येते. ते आपल्यातील अनेकांनी दिलेले आहे. मला ते एका आयुष्याने द्यायचे आहे. ज्या आयुष्यातील गुणवत्तेबद्दल शत्रूलाही शंका घेता येणार नाही असे आयुष्य मी शोधत होते. ते मला मेरियन अँडरसन यांच्या रूपाने सापडले.

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तिचे नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलेले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी निग्रो साहित्य मराठीत ओळखीचे केले. (तेव्हा 'निग्रो' हाच शब्द रूढ होता, खुद्द त्या लोकांनी तो पुढे टाकून दिला, म्हणून मीही तो टाकते.) पण या ओळखीत कवी आले, कादंबरीकार आले, जाझ आणि ब्लूज आले. ऑपेरा मात्र आला नाही. तो गोऱ्या श्रीमंतांचा खेळ म्हणून आपण बाजूला ठेवला. असे बाजूला ठेवले की त्या दाराशी झालेली झटापटही नजरेआड होते.

ऑपेरा म्हणजे सगळा संवाद गाऊनच म्हणायचे नाटक. आपल्या संगीत नाटकात मध्ये बोलणे असते, इथे बहुधा तेही नसते. समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा, पुढे हजारो प्रेक्षक, आणि मायक्रोफोन नाही. त्या साऱ्यावरून एकट्या कंठाने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे. स्त्रीकंठाच्या ज्या जाती तिकडे मानतात त्यांत सर्वांत खालचा, खर्जाकडे झुकणारा तो 'कॉन्ट्राल्टो'. असा आवाज दुर्मिळ. मेरियन अँडरसन यांचा तो होता, आणि खालून वर जवळजवळ तीन सप्तके फिरत होता.

मी त्यांना मेरियनबाई म्हणणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची वृत्तपत्रे काळ्या स्त्रीच्या नावामागे 'मिस' किंवा 'मिसेस' लावत नसत. नुसते नाव, जसे आपल्याकडे आजीच्या वयाच्या बाईला गावातला पोरगा एकेरीत हाक मारी. हिराबाई, केसरबाई, मोगूबाई ही आपल्या गाण्यातील मानाची हाक आहे. तीच इथे वापरते.

मेरियनबाईंचा जन्म २७ फेब्रुवारी १८९७ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील रेडिंग टर्मिनल बाजारात बर्फ आणि कोळसा विकत. आजोबा गुलाम म्हणून जन्मलेले. आई व्हर्जिनियात शाळेत शिकवीत असे. फिलाडेल्फियात तिचे ते शिक्षण शिक्षिकेच्या नोकरीला उपयोगी पडले नाही. मुलगी बारा वर्षांची असताना वडिलांच्या डोक्याला कामावर मार लागला आणि ते त्यातच गेले. आई लोकांचे कपडे धुऊ लागली, पुढे एका मोठ्या दुकानाच्या फरशा घासू लागली. तीन मुली घेऊन ती सासऱ्याच्या घरी राहिली.

गाणे आले ते चर्चमधून. युनियन बॅप्टिस्ट या काळ्यांच्या चर्चच्या गायकवृंदात ही पोर सहाव्या वर्षी उभी राहिली. वृंदातला कुणी गैरहजर असला की त्याचा भाग ती म्हणे, मग तो वरचा असो की पुरुषांचा खालचा. शिकवणीला पैसे नव्हते. इथे जे घडले ते मला या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि चरित्रे लिहिणारे बहुधा ते चार ओळींत उरकतात. चर्चमधल्या मोलकरणींनी, हमालांनी, धोबिणींनी नाणी जमवून या मुलीच्या भविष्यासाठी निधी उभा केला. शिक्षकाचे शुल्क त्यातून गेले. ज्यांनी आयुष्यात ऑपेरागृहाचे दार पाहिले नव्हते त्यांनी या आवाजावर पहिली रक्कम लावली. आपल्याकडे वस्तीतली माणसे वर्गणी काढून पोराला पुण्या-मुंबईला परीक्षेला धाडतात, त्या वर्गणीची वही मी पाहिलेली आहे. नाव आणि पुढे दहा रुपये, वीस रुपये. एका नावापुढे फक्त 'ज्वारी'.

दरम्यान ती शहरातल्या एका संगीतशाळेत प्रवेश घ्यायला गेली. रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीने तिच्या मागच्या सगळ्यांना आधी बोलावले आणि शेवटी तिला सांगितले की, आम्ही काळ्यांना घेत नाही. आवाज ऐकण्याचा प्रश्नच आला नाही. गुणवत्ता तपासायची तर आधी तोंड उघडू द्यावे लागते! हे घडले ते त्याच दशकात, ज्या दशकात इथून एक तरुण बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे होते. फिलाडेल्फिया तिथून आगगाडीने काही तासांवर. या दोघांची भेट झाली नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. तरी नकाशावर ही दोन गावे शेजारी पाहिली की मी थोडी थांबते.

पुढे ज्युसेप्पे बोगेत्ती या शिक्षकाने त्यांना शिकवले. १९२४ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि तो पडला. प्रेक्षक थोडे होते. समीक्षकांनी जर्मन गीतांवर बोट ठेवले: ही शब्द पाठ करून म्हणते, भाषा तिला कळत नाही. टीका खोटी नव्हती, हे मेरियनबाईंनी स्वतः मान्य केले आहे. त्यानंतर काही काळ त्यांनी गाणेच थांबवले. ज्या मुलीने हायस्कूलचा शेवट चोविसाव्या वर्षी गाठला, ती परकी भाषा कुठल्या घरातून आणणार होती? पहिल्या परिसंवादात मी इंग्रजीतून निबंध वाचला तेव्हा एका शब्दाचा उच्चार चुकला होता. निबंधावर कुणी काही बोलले नाही. त्या शब्दावर जेवणाच्या सुटीत दोघे बोलले. तेव्हा हा टाउन हॉलचा प्रसंग मला ठाऊक असता तर बरे झाले असते.

मेरियनबाईंनी त्या टीकेचे काय केले? त्या जर्मन शिकायला जर्मनीत गेल्या. त्याआधी १९२५ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या स्पर्धेत शेकडो गायकांतून त्या पहिल्या आल्या आणि त्या वाद्यवृंदाबरोबर गायल्या. तरी देशात कामे मिळेनात. मिळत ती काळ्यांच्या चर्चमध्ये आणि काळ्यांच्या कॉलेजांत. रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली तशा त्या बर्लिनला गेल्या. मग स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क. कोस्ती वेहानेन हा फिन्नी पियानोवादक साथीला. एका दौऱ्यात शंभरावर कार्यक्रम झाले. फिनलंडचा थोर संगीतकार सिबेलियस याच्या घरी त्या गायल्या तेव्हा, माझ्या घराचे छप्पर या आवाजाला ठेंगणे पडते, अशा अर्थाचे तो म्हणाला आणि कॉफीऐवजी शॅम्पेन मागवली. १९३५ साली ऑस्ट्रियात साल्झबर्गला आर्तुरो टोस्कानिनीने त्यांना ऐकले. त्या काळचा सर्वांत दरारा असलेला वाद्यवृंद-संचालक तो. असा आवाज शंभर वर्षांतून एकदा ऐकायला मिळतो, असे त्याने सांगितले. युरोपही स्वर्ग नव्हता. हिटलरच्या जर्मनीतून कार्यक्रमाची विचारणा आली तेव्हा बाई शुद्ध आर्य आहेत काय, अशी पृच्छा झाली. उत्तर गेल्यावर पत्रव्यवहार थांबला. 'आर्य' हा शब्द कुठून कुठे फिरून आला ते वाचकांना सांगायला नको.

तर प्रमाणपत्र मिळाले. जगातल्या सर्वांत मोठ्या परीक्षकाने, लेखी मागितले असते तर लेखीही, दिले असते. साल १९३५. आता "गुणवत्ता असली की" या वाक्याप्रमाणे पुढे काय घडायला हवे होते आणि काय घडले, ते पाहू.

त्या वर्षाअखेर त्या परतल्या. बोटीवर पडून घोट्याचे हाड मोडले होते. ३० डिसेंबरला त्याच टाउन हॉलमध्ये, पायाला प्लास्टर आणि वरून लांब झगा, अशा पियानोला टेकून उभ्या राहिल्या आणि गायल्या. अकरा वर्षांपूर्वी जिथे पडल्या होत्या तिथेच वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. एव्हाना आईचे काम सुटले होते. त्या दुकानाला त्यांनी फोन करून कळवले होते की, आई यापुढे कामावर येणार नाही. साऱ्या आयुष्यातल्या आनंदाच्या क्षणांत त्या हा क्षण फार वर मांडत. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मीही आईला सांगितले होते, उद्यापासून जायचे नाही. ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गेलीच. म्हणाली, मुकादमाला तोंडाने सांगून येते, तसे बरे दिसत नाही.

कीर्तीबरोबर हॉटेले उघडली नाहीत. १९३७ साली प्रिन्स्टन येथे भरलेल्या सभागृहात गाऊन झाल्यावर गावातल्या सरायीने त्यांना खोली नाकारली. आल्बर्ट आइन्स्टाइन तिथे राहत होते, स्वतः जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू. त्यांनी त्यांना घरी नेले आणि पुढेही त्या प्रिन्स्टनला आल्या की त्यांच्याकडेच उतरत.

आता १९३९. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, काळ्यांच्या उच्च शिक्षणाचे मोठे केंद्र, दरवर्षी त्यांचा कार्यक्रम करी. गर्दी इतकी वाढली की मोठे सभागृह लागले. शहरात तसे एकच: कॉन्स्टिट्यूशन हॉल, सुमारे चार हजार आसनांचे. मालकी 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या स्त्रियांच्या संस्थेची. आपला पूर्वज अठराव्या शतकातल्या स्वातंत्र्ययुद्धात होता अशी वंशावळ दाखवावी तेव्हा हिचे सभासदत्व मिळे. स्वातंत्र्याचा वारसा रक्ताने चालत येतो, अशी ही कल्पना! या हॉलच्या करारात तेव्हा स्पष्ट कलम होते की, इथे फक्त गोरे कलावंत. हॉलचे नाव मात्र संविधानाचे.

नकार आला. मग विद्यापीठाने शहराच्या शाळा-मंडळाकडे गोऱ्यांच्या एका हायस्कूलचे सभागृह मागितले. तिथेही आधी नकार, आणि मग हा पायंडा पडू नये अशा अटी. विद्यापीठाने अटी नाकारल्या.

या प्रकरणाची जी गोष्ट पाठ्यपुस्तकांत सांगतात तिची नायिका एलिनॉर रूझवेल्ट आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने त्या संस्थेचा राजीनामा दिला आणि आपल्या वृत्तपत्रातील सदरातून तो जाहीर केला, हे खरे आणि मोठे आहे. मी ते कमी लेखत नाही. पण राजीनामा आला तो फेब्रुवारीच्या शेवटी. त्याआधी दोन महिने हॉवर्डची माणसे पत्रे लिहीत होती, नागरिकांची समिती सह्या गोळा करत होती, शाळा-मंडळाच्या दारात शिक्षक उभे होते. 'एनएएसीपी' ही काळ्यांच्या हक्कांची संघटना आणि तिचे सचिव वॉल्टर व्हाइट एकेक मोठे नाव या बाजूला ओढून आणत होते. गाणे उघड्यावर, लिंकनच्या स्मारकासमोर व्हावे, यासाठी गृहखात्याशी, हेरल्ड इकेस या मंत्र्याशी, बोलणी याच लोकांनी लावून धरली. (तिकडचे ते खाते पोलिसांचे नव्हे, सरकारी जमिनी आणि उद्यानांचे.) मोठ्या माणसाची सही दिसते. तिच्याखाली टेबल कुणी धरले होते, ते फोटोत येत नाही.

स्मारकाचाही इतिहास आहे. गुलामांना मुक्त करणाऱ्या लिंकनचे हे स्मारक १९२२ साली लोकार्पण झाले तेव्हा काळ्या निमंत्रितांना वेगळे बसवले होते. त्या दिवशी बोलणारे एकमेव काळे वक्ते रॉबर्ट मोटन. त्यांचे भाषण आधी मागवून त्यातले टोचणारे भाग काढायला लावले होते. सतरा वर्षांनी त्याच पायऱ्यांवर, ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मेरियनबाई उभ्या राहिल्या. हवा थंड, अंगात फरचा कोट. समोर पंचाहत्तर हजार माणसे, काळी आणि गोरी, सरमिसळ उभी. रेडिओवर आणखी लाखो.

आदल्या रात्री त्यांनी आपल्या व्यवस्थापकाला, सोल हुरोकला, फोन करून विचारले होते की, हे करायलाच हवे का? हे वाचून काहींना त्या कच्च्या वाटतील. मला तसे वाटत नाही. भांडण त्यांनी काढले नव्हते, स्वभाव भांडखोर नव्हता. आत्मचरित्रात त्या लिहितात की, आपण आता नुसती एक गायिका राहिलो नाही, आपल्या लोकांचे प्रतीक झालो आहोत, हे कळून चुकल्यावर माघार घेणे शक्य नव्हते. प्रतीक होणे कुणी हौसेने घेत नाही. वर्गात एकुलती दलित मुलगी असली की तिला आरक्षणापासून धर्मांतरापर्यंत सगळ्याची उत्तरे द्यावी लागतात. तिला कदाचित फक्त रसायनशास्त्र शिकायचे असते.

इकेस यांनी प्रास्ताविक केले. प्रतिभा रंगरेषा ओढत नाही, असा त्यांचा आशय होता. प्रतिभा ओढत नसेल, सभागृह ओढते, आणि म्हणूनच तर सगळे उघड्यावर थंडीत उभे होते. मेरियनबाईंनी आधी देशगीत म्हटले. त्यात एका ठिकाणी 'मी' आहे. त्यांनी तिथे 'आम्ही' म्हटले. मग डोनिझेत्तीच्या 'ला फाव्होरिता' या ऑपेरातील स्वगत, मग शूबर्टचे 'आवे मारिया', आणि शेवटी गुलामांच्या शेतावरची भक्तिगीते, ज्यांना तिकडे 'स्पिरिच्युअल' म्हणतात. इटालियन, जर्मन आणि गुलाम आजोबांची भाषा, तिन्ही त्याच पायरीवरून, त्याच मापाच्या आवाजात. या चित्रफितीचा तुकडा आजही पाहता येतो. त्या गाताना डोळे मिटून घेतात.

पाच वर्षांनी, १९४४ साली, जॉर्जिया राज्यात शाळेतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने वक्तृत्वस्पर्धेत भाषण केले. विषय होता काळे आणि संविधान. त्याने या गाण्याचा उल्लेख केला, त्यांना मिळालेल्या सन्मानांचा केला, आणि म्हटले की एवढे होऊनही या बाईंना आपल्या देशात चांगल्या हॉटेलात रात्र काढता येत नाही. स्पर्धा आटोपून परतताना बसमध्ये गोऱ्यांसाठी त्या मुलाला उठवले गेले आणि पुढचा प्रवास त्याने उभ्याने केला. मुलाचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

मेरियनबाईंवर त्यांच्याच लोकांनी टीका केली हेही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. दक्षिणेत त्या गात तेव्हा काळ्यांना सज्ज्यात, मागे, बसवीत. त्यांनी अट घातली की सभागृह उभे विभागायचे: पुढच्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक भागात काळ्यांना जागा हवी. म्हणजे भेद राहिला, फक्त आडव्याचा उभा झाला. १९५१ साली रिचमंड शहरात एनएएसीपीने त्यांच्याच कार्यक्रमावर बहिष्कार पुकारला. ज्या संघटनेने १९३९ मध्ये त्यांच्यासाठी आकाशपाताळ एक केले, तिनेच! हा घाव त्यांना लागला. त्यानंतर विभागलेल्या प्रेक्षकांसमोर गायला त्यांनी नकार दिला. टीका करणारे बरोबर होते असे माझे मत आहे. उशीर झाला होता. पण ज्या बाईला विंगेत शिरायला मागचा जिना दाखवला जात होता, तिच्याकडून आपण प्रत्येक वेळी पहिले पाऊल का मागतो, हाही प्रश्न मनात राहतो. टोस्कानिनीकडून कुणी मागितले नाही.

आणि ऑपेरा? इतका वेळ मी मैफलींविषयी लिहिते आहे, कारण ऑपेराची गायिका असूनही त्यांना ऑपेरात कुणी घेतले नव्हते. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ पासून उभे. त्यांच्या आधीही आवाज होते. सिसिएरेटा जोन्स, जिला 'ब्लॅक पॅटी' म्हणत, म्हणजे गोऱ्या पॅटीची काळी आवृत्ती. कॅटेरिना जार्बोरो, जी १९३३ साली दुसऱ्या एका मंडळीत 'आईदा' झाली. लिलियन इव्हान्ती १९२५ साली फ्रान्समध्ये नीस येथे 'लाक्मे'त गायली. या 'लाक्मे'ची कथा हिंदुस्थानातली आहे आणि तिच्यातले सर्वांत गाजलेले पद एका परया मुलीविषयी आहे. घंटा वाजवून श्वापदांपासून वाटसरूला वाचवणारी अस्पृश्याची पोर. गुलामांच्या वंशातली बाई, फ्रेंच भाषेत, आपल्या वाड्यातल्या मुलीची गोष्ट गाते आहे! तिचीही चाचणी मेट्रोपॉलिटनने १९३२ साली घेतली, आणि घेतले नाही.

मेरियनबाईंना बोलावणे आले ते १९५४ च्या शरदात, रुडॉल्फ बिंग व्यवस्थापक असताना. त्याच वर्षी १७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. ७ जानेवारी १९५५ रोजी त्या व्हेर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'मध्ये उल्रिकाच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. पडदा वर गेला आणि टाळ्या थांबेनात. आई प्रेक्षकांत होती. मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर प्रमुख गायनभूमिका करणारी पहिली काळी व्यक्ती, असे इतिहासात नोंदले गेले. वय सत्तावन्न. त्या रात्री आवाज थरथरला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. खर्जाचे सोने गेल्या काही वर्षांत झिजले होते, हेही जाणकार सांगतात. टोस्कानिनीच्या प्रमाणपत्राला वीस वर्षे होत आली होती. त्या रंगमंचावर त्या मोजक्याच वेळा गायल्या.

भूमिकेकडे पाहा. उल्रिका ही भविष्य सांगणारी बाई. मूळ कथा स्वीडनच्या राजाच्या खुनाची. पण रंगमंचावर राजाचा खून दाखवायला सेन्सॉरने मनाई केली, म्हणून १८५९ साली रोममध्ये पहिला प्रयोग झाला तो कथा अमेरिकेतल्या बोस्टनला नेऊन. तिथे उल्रिका काळी झाली. तिला हद्दपार करा असे सांगताना न्यायाधीश तिच्या घाणेरड्या, अमंगळ रक्ताचा उल्लेख करतो. आताशा हे शब्द बहुतेक ठिकाणी बदलून गातात. बहात्तर वर्षे बंद असलेले दार उघडले, ते या भूमिकेपुरते. प्रेमिका नाही, राणी नाही; गावाबाहेरच्या गुहेतली, अंगात येणारी बाई. भगत, पोतराज, देवऋषीण यांच्यासाठी आपल्या नाटकांतही जागा असते. तरीही त्या गायल्या, आणि दार पुन्हा लागले नाही. तीनच आठवड्यांत रॉबर्ट मॅकफेरिन हा काळा गायक त्याच मंचावर आला. १९६१ मध्ये लिऑन्टिन प्राइस आली, आवाज ऐन भरात असताना, आणि मोठ्या नायिका तिने गायल्या. चर्चमधल्या धोबिणींच्या नाण्यांचा हिशेब मी इथवर ओढते.

१९५७ साली अमेरिकी सरकारने मेरियनबाईंना सदिच्छा-दौऱ्यावर आशियात पाठवले. भारतातही त्या आल्या, दिल्लीत गांधी स्मारकापाशी गायल्या. त्याच सप्टेंबरात अर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलांना हायस्कूलमध्ये नेण्यासाठी सैन्य पाठवावे लागले होते. गावोगाव त्यांना त्याविषयी विचारले गेले. ज्या सरकारचा चेहरा म्हणून पाठवले, त्याच्याच घरातल्या आगीचे उत्तर तिनेच द्यायचे! त्या दिल्लीत होत्या तेव्हा बाबासाहेबांना जाऊन वर्ष होत आले होते. १९४६ साली बाबासाहेबांनी एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील काळे यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. दिल्लीतल्या त्या कार्यक्रमात हा धागा कुणाला आठवला असेल, असे मला वाटत नाही.

कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्या अखेर गायल्या, १९४३ साली, युद्ध-मदतीसाठी, आणि आसनांत भेद नाही या अटीवर. विजयाचा भाव मनात आला नाही, ते एक सुंदर सभागृह होते, असे त्या लिहितात. १९६४ साली निरोपाचा दौरा त्यांनी तिथूनच सुरू केला. त्याआधी २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्यांनी राष्ट्रगीत म्हणायचे ठरले होते. गर्दीतून त्या वेळेवर मंचापर्यंत पोचू शकल्या नाहीत, कॅमिला विल्यम्स यांनी ते म्हटले. नंतर त्या पोचल्या आणि दुसरे गाणे गायल्या. ८ एप्रिल १९९३ रोजी पोर्टलंड येथे, शहाण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. २०२४ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या संगीतसभागृहाला त्यांचे नाव दिले गेले.

मागच्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात मी १९३९ ची ती चित्रफीत लावली. मुले गप्प बसून पाहत होती. गाणे कुणाला कळले नसेल. मलाही निम्मे कळत नाही. संपल्यावर मी विचारले, काही प्रश्न? मागच्या बाकावरची एक मुलगी, वसतिगृहात जागा मिळेना म्हणून रोज एसटीने दोन तास येणारी, उभी राहिली.

"मॅडम, त्या रात्री बाई राहिल्या कुठे?"

मी सांगितले. वॉशिंग्टनमधल्या चांगल्या हॉटेलांनी त्यांना घेतले नाही. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर गिफर्ड पिंचोट यांचे तिथे घर होते. पंचाहत्तर हजार माणसांसमोर गायलेल्या मेरियनबाई, त्यांची आई आणि बहिणी त्या घरात पाहुण्या म्हणून उतरल्या होत्या.